बडोद्यात चार दिवस: उपडा तांब्या आणि अक्षरांचा पाऊस

दिवस पहिला: कमाटी बाग

मुंबईहून बडोदे रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर. एप्रिलात जायचं तर पहाटेची किंवा रात्रीची गाडी धरावी, कारण दुपारी फलाटावर पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि प्रोजेक्टर, लॅपटॉप, बॅटऱ्या असल्या सामानाला ते ऊन मानवत नाही. दोन ट्रंका होत्या. एकीत प्रोजेक्टर, वेबकॅम, इन्फ्रारेड दिवे आणि केबली. दुसरीत आर्डुइनोचे (सेन्सर वाचून दिवे-आवाज चालवणारा छोटा संगणक) दोन बोर्ड, सेन्सर, एलईडीच्या पट्ट्या, रेझिस्टरची डबी, मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचं सामान. मांजरपाट, पाट आणि तांबे गावातच घ्यायचे होते.

काम असं: दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या वाड्याच्या चौकात दोन संध्याकाळी तीन मांडणशिल्पं, तिन्ही प्रेक्षकांनी हाताळायची. दारातली उजळणारी हंडी, दोघांनी मिळून वाजवायचे तांबे आणि पडद्यावरचा अक्षरांचा पाऊस. अशी मांडणी करण्याआधी त्या गावातली माणसं एखाद्या वस्तूसमोर कशी उभी राहतात ते पाहून घ्यावं. त्यासाठी बडोद्यात कमाटी बागेसारखी जागा नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी वसवलेली ही बाग, कागदोपत्री सयाजी बाग, मराठी घरांत आजही कमाटी बागच.

बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेल्या माशाचा. त्याच्यापाशी तासभर उभं राहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. मोठी माणसं एका टोकाला थांबून फोटो काढतात आणि पुढे जातात. मुलं मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत पावलं मोजत चालतात आणि वळून पुन्हा मोजतात. हात लावायची परवानगी नसली की शरीर दुसरी वाट काढतं: पावलं, वीत, हाताची लांबी. आणि मागून आवाज येतो, मराठीत "हात लावू नकोस", गुजरातीत "अडीश नहीं". सूर दोन्हीकडे अगदी एकच. हे वाक्य ऐकत मोठा झालेला प्रेक्षक संध्याकाळी आपल्यासमोर येणार आहे, हे धरूनच मांडणी करावी लागते.

फुलांच्या घड्याळापाशी मुलं मिनिटकाटा सरकेपर्यंत श्वास रोखून थांबतात. वस्तू सावकाश हलली तरी चालते, फक्त ती नक्की हलणार याची खात्री हवी.

दिवस दुसरा: चौकातली जुळवाजुळव

चौक २२ बाय १८ फुटांचा, फरशी दगडी, तिन्ही बाजूंनी ओसरी आणि एका ओसरीत झोपाळा. झोपाळा काढून ठेवू का, असं घरमालकीणबाईंनी विचारलं. राहू द्या म्हटलं, आणि ते फार बरं झालं. दुसरे कसे खेळतात हे बसून बघायला जागा असली की संकोची माणूस आधी तिथे टेकतो, दहा मिनिटं बघतो आणि मग उठतो. बसायला काही नसेल तर तो दारातूनच परततो.

आधी हंडी. दिंडी दरवाजातून आत येणाऱ्याला जवळ येताना ती उजळताना दिसावी, मागे सरकताच मंदावावी. काचेच्या हंडीत ३० एलईडींची, प्रत्येक एलईडी स्वतंत्र चालवता येणारी पट्टी गुंडाळली. पूर्ण पांढऱ्या उजेडात दर एलईडीला ६० मिलिअँपिअर, म्हणजे ३० ना १.८ अँपिअर लागतात. हा प्रवाह आर्डुइनोतून घेऊ नये, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा वेगळा पुरवठा द्यावा आणि दोन्हींची ऋण तार जोडावी. ती तार राहिली की पट्टी वेड्यासारखी लुकलुकते आणि लोक प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. पट्टीच्या सुरुवातीला पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर.

माणूस ओळखायला आधी पीआयआर सेन्सर लावला होता. सकाळी अकरापर्यंत व्यवस्थित, दुपारी दोनला मेल्यासारखा. यात सेन्सरचा दोष नाही. माणूस आणि त्याच्यामागची पार्श्वभूमी यांच्या उष्णतेतला फरक हलला, तरच पीआयआरला काही दिसतं. भिंत ३६-३७ अंशांवर तापली की कपड्यातला माणूस त्याच्या दृष्टीने भिंतच. शिवाय तो फक्त "कोणीतरी हललं" एवढंच सांगतो, किती दूर ते नाही. उन्हाळी गावात तो वापरूच नये.

त्याच्या जागी अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर, एचसी-एसआर०४. पल्ला २ सेंटिमीटर ते ४ मीटर, झोत साधारण १५ अंशांचा. कंबरेच्या उंचीवर, मधे काही येणार नाही असा लावायचा. सुती साडी आणि सैल कुडता आवाज शोषतात किंवा तिरका फेकतात, त्यामुळे मधेच एखादं माप खोटं येतं आणि हंडी दचकते. उपाय म्हणजे लागोपाठच्या तीन मापांतलं मधलं घ्यायचं. पाच घेतली तर उजेड आणखी स्थिर होतो, पण दोन मापांत ६० मिलिसेकंद सोडावे लागतात, म्हणून उत्तर उशिरा येतं. आणि उशीर हाच या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा शत्रू. माणसाची हालचाल आणि वस्तूचं उत्तर यांत सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त अंतर पडलं की "हे माझ्यामुळे झालं" ही जाणीव विरायला लागते. पाव सेकंदाला लोक मान वर करून दुसरा कोणी बटण दाबतोय का ते शोधतात.

आता तांबे. कल्पना साधी: दोन तांबे सात फूट अंतरावर. एकट्या माणसाला दोन्हींना एकदम हात लावता येणार नाही एवढं अंतर मुद्दाम. एकाने एका तांब्यावर, दुसऱ्याने दुसऱ्यावर हात ठेवला आणि मोकळे हात एकमेकांना लावले की परिपथ पुरा होतो आणि पेटीचा सूर वाजतो. पुन्हा तोडून जोडला की पुढचा सूर. सा पासून वरच्या सा पर्यंत आठ वेळा.

जोडणी: एक तांब्या आर्डुइनोच्या ऋण तारेला, दुसरा इनपुटला. इनपुटपासून ५ व्होल्टपर्यंत २२ मेगाओहमचा रेझिस्टर. माणसांतून जाणारा प्रवाह पाव मायक्रोअँपिअरहून कमी, मुंगीच्या चाव्याएवढाही जाणवत नाही. तरी हा बोर्ड आणि त्याचा स्पीकर बॅटरीवरच चालवावेत. माणसाचं शरीर ज्या परिपथाचा भाग आहे, त्याला घरच्या विजेच्या जवळपासही आणू नये. अंगात घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण येतेच. म्हणून इनपुट एकदा वाचून विश्वास ठेवू नये, २० मिलिसेकंद, म्हणजे गुणगुणीची एक पूर्ण लाट, वाचत राहून सरासरी धरावी.

बाजारातून आणलेले तांबे झळझळीत होते, आणि काही केल्या सूर वाजेना. मल्टिमीटरची दोन्ही टोकं एकाच तांब्यावर टेकवली तरी जोड नाही. नव्या तांब्यांना चमक टिकावी म्हणून पारदर्शक लाखेचा हात दिलेला असतो आणि तो वीज अडवतो. चिंच-मीठ लावून तो जात नाही. थिनरने पुसून वर ४०० नंबरच्या सँडपेपरचा हलका हात फिरवला तेव्हा तांब्या बोलला. बुडाशी तार सोल्डर करताना तांबं सगळी उष्णता पळवतं, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. ६० चं घ्यावं, नाहीतर वॉशर आणि नटबोल्टने तार आवळावी.

अक्षरांचा पाऊस ही कल्पना आमची नव्हे. कामिल उटरबॅक आणि रोमी अचितूव या कलाकारांनी १९९९ मध्ये 'टेक्स्ट रेन' केलं. पडद्यावर प्रेक्षकाची प्रतिमा, वरून पडणारी रोमन अक्षरं, आणि ती माणसाच्या डोक्याखांद्यावर येऊन थांबतात. कॅमेऱ्यासमोरच्या शरीराने चित्राशी खेळावं हा विचार त्याच्याही मागे, मायरन क्रूगर या कलाकाराच्या १९७० च्या दशकातल्या 'व्हिडिओप्लेस'पर्यंत जातो. देवनागरीत हे करताना मात्र वेगळीच अडचण येते. शब्द सरळ तोडला तर "मराठी"चे म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच तुकडे पडतात, आणि सुटा काना ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन पडद्यावरून घरंगळतो. संगणकाच्या लेखी काना हे स्वतंत्र चिन्ह आहे, वाचणाऱ्याच्या लेखी नाही. तोडायचं ते अक्षराच्या पूर्ण गुच्छावर: म, रा, ठी. आणि ग्राफिक्स कार्डावर भरभर चित्र काढणाऱ्या पद्धतीत जोडाक्षरं मोडतात, म्हणून प्रत्येक अक्षराचं आधीच पारदर्शक पीएनजी चित्र करून ठेवणं सर्वांत निर्धोक.

पडदा दुहेरी मांजरपाटाचा, १० फूट रुंद. आमच्या प्रोजेक्टरला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे १५ फूट. तो समोरच्या माडीच्या कठड्यावर, नऊ फूट उंच, म्हणजे खेळणाऱ्याची सावली खाली पडते. वेबकॅम पडद्याच्या तळाशी, खेळणाऱ्यांकडे तोंड करून, त्यांच्यामागे पांढरी चादर. प्रोजेक्टरचा उजेड माणसांवर आणि मागच्या चादरीवरही सांडतो, आणि कॅमेऱ्याला ती हलती अक्षरं म्हणजे माणसंच वाटतात. त्यावर उपाय इन्फ्रारेडचा. चादरीवर ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा झोत, कॅमेऱ्याच्या आतली इन्फ्रारेड अडवणारी काच काढलेली आणि पुढे दृश्य उजेड अडवणारा फिल्टर. मग कॅमेऱ्याला दिसते उजळ चादर आणि तिच्यापुढे काळी माणसं, प्रोजेक्टर त्याच्यासाठी नसतोच. मावळत्या उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं, त्यामुळे चौकातलं ऊन हटेपर्यंत सुरू करायचं नाही. एप्रिलात इथे सात वाजता सूर्यास्त, आपण सव्वासातला. यूएसबीची साधी केबल पाच मीटरपलीकडे भरवशाची नाही, त्यापुढे अ‍ॅक्टिव्ह केबल घ्यावी.

दिवस तिसरा: तांबेकर वाडा, आणि पहिली संध्याकाळ

सकाळी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे घर, आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात. आतल्या भित्तिचित्रांत आकृती लहान आहेत, नाक भिंतीला लागेल इतकं जवळ जावं लागतं. तिथे लोक बोट दाखवतात आणि ते रंगाच्या अर्धा इंच अलीकडे थांबवतात. तो अर्धा इंच प्रेक्षकाने स्वतः राखलेला असतो. हात लावायचं मांडणशिल्प करणाऱ्याला तोच अर्धा इंच ओलांडून घ्यायचा असतो, आणि पाटी लावून तो ओलांडला जात नाही.

संध्याकाळी हेच समोर आलं, तेही अनपेक्षित रीतीने. तांबे पाटांवर मांडले होते, भोवती घरातल्या मुलींनी हौसेने रांगोळी काढली होती. शेजारी मराठी आणि गुजरातीत पाटी: हात लावा. पहिल्या अर्ध्या तासात आलेली मंडळी चपला काढून पुढे आली, तांब्याला नमस्कार करून मागे सरली. एकांनी त्यात रुपया टाकला. पाट, तांब्या आणि रांगोळी एकत्र आली की तो कलश झाला, त्याला वाजवायचं कसं? पाटी कितीही स्पष्ट असली तरी वस्तूची मांडणी पाटीपेक्षा मोठ्याने बोलते. रांगोळी पुसली आणि दोन्ही तांबे उपडे केले. उपड्या तांब्याला कोणी हात जोडत नाही. दहा मिनिटांत पहिला हात पडला.

तो आठेक वर्षांच्या एका मुलाचा होता.

"आजी, लावू हात?"

"अरे लाव ने, लिहिलंय ना तिथे."

"पण काही होत नाही."

"थांब, मी इकडून धरते. आता दे हात."

सा वाजला. आजींनी हात सोडला, पुन्हा धरला. रे. त्यानंतर त्या दोघांना बाजूला होणं जड गेलं.

पुढचा तासभर जे पाहायला मिळालं ते कागदावर आखता आलं नसतं. आखणीत असं होतं की लोक हात धरून उभे राहतील. कोणीही उभं राहिलं नाही, सगळ्यांनी टाळ्या दिल्या. एक हात तांब्यावर, दुसऱ्याने समोरच्याला टाळी, दर टाळीला पुढचा सूर. पण जलद टाळीतले मधले सूर गळू लागले. कारण प्रोग्रॅममध्ये एकदा जोड झाल्यावर ३०० मिलिसेकंद थांबायचं ठेवलं होतं, हात थरथरल्याने सूर दोनदा वाजू नये म्हणून. ते ५० वर आणलं आणि सप्तक वाहू लागलं. चार सेकंद टाळी पडली नाही तर परत सा, हा नियम कोणाला सांगितला नव्हता. मुलांनी तो पाच मिनिटांत शोधला आणि एकमेकांना शिकवला. नियम सांगण्यापेक्षा सापडू द्यावा, असं आमचं पक्कं मत आहे. सापडलेला नियम माणूस दुसऱ्याला सांगतो, वाचलेला सांगत नाही.

अनोळखी बाई-पुरुषाने हातात हात देण्याचा प्रश्न लोकांनी आपापला सोडवला. दोघांनी एकाच स्टीलच्या बाटलीला हात लावला. एका मुलीने ओढणीचं टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या हातात दिलं, ओलं सुती कापड वीज नेतं. कोरडं टोक दिलं तेव्हा काही झालं नाही, मग आणखी पाणी. शाळा सुटल्यावरही आठवावा असा प्रयोग, आणि शिक्षक कोणीच नाही.

आठच्या सुमाराला तांबे आपोआप वाजायला लागले. कोणीतरी उकाड्यावर म्हणून चौकात पाण्याचा सडा मारला होता. ओली फरशी, ओले पाट, अनवाणी पाय. एका तांब्याला हात लावणाऱ्याच्या पायातून फरशीवाटे दुसऱ्या तांब्यापर्यंत वाट तयार झाली. पाटांखाली रबराचे तुकडे घातले आणि २२ मेगाओहमच्या जागी ४.७ चा रेझिस्टर. त्याने खोटे सूर थांबले, पण साखळी आखडली. २२ वर माणसांच्या साखळीचा विरोध ९ मेगाओहमपर्यंत चालायचा, ४.७ वर जेमतेम २. कोरड्या हातांच्या सहा-सात जणांची रांग आता वाजेना. जवळ पाण्याची वाटी ठेवली, बोटं बुडवून रांग धरली की वाजते.

अक्षरांच्या पडद्यापुढे लोक आधी नुसते उभे राहतात, खांद्यावर अक्षर येऊन बसलं की ते झटकतात. मग हात पसरतात, ओंजळ करतात. दोन बायकांनी पदर पसरला आणि त्यात अक्षरं जमवली, मग पदर झटक्याने वर केला आणि ती उडाली. मुलांनी ओसरीवरून एक पंचा आणून चौघांत ताणला. काही पोरं पालथी पडून पाठीवर ढीग गोळा करू लागली. ओलाफुर एलियासन या कलाकाराच्या कृत्रिम सूर्याखाली, २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये, छताच्या आरशात स्वतःला बघायला लोक असेच जमिनीवर आडवे झाले होते. स्वतःची आकृती मोठी दिसली की माणूस तिच्याशी बोलू लागतो, मग गाव कोणतंही असो.

आणि सगळे आपल्या नावाचं अक्षर शोधतात. हे आधी सुचायला हवं होतं. वर्णमाला समान प्रमाणात सोडली होती, त्यामुळे ङ आणि ञ जितके तितकाच स. स, अ, प, व, म, र यांचं प्रमाण तिप्पट केलं, ङ आणि ञ क्वचित. वेग वरून खाली सहा सेकंद ठेवला. चार केला की मुलं खूश, पण आजीआजोबांच्या ओंजळीत काही येत नाही.

नऊला गर्दी वाढली तशी एका पाटावर चार मुलं उड्या मारू लागली आणि तार उखडली. लंडनच्या टेट गॅलरीत १९७१ मध्ये शिल्पकार रॉबर्ट मॉरिसने चढा-घसरा-तोल सांभाळा असं प्रदर्शन मांडलं होतं. लोक इतके रंगले की दुखापती झाल्या आणि ते चार दिवसांत बंद करावं लागलं. खेळ सुरू झाला की वस्तूवर पडणारं बळ अपेक्षेच्या कितीतरी पट होतं. बैठक एका माणसाच्या नव्हे, उडी मारणाऱ्या चौघांच्या वजनाला धरून करावी आणि तार कधीही थेट जोडावर ताणू देऊ नये, जोडाच्या आधी एक सैल वेटोळं ठेवून ते बांधावं.

दिवस चौथा: फाइन आर्ट्स आणि परत

सकाळी रावपुऱ्यात सेव उसळ खाऊन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीकडे. खेळणं आणि कला यांच्यातली भिंत बडोद्यात फार आधी पडली आहे. इथला फाइन आर्ट्स फेअर १९६१ पासूनचा. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने त्या जत्रेसाठी लाकडाची, मण्यांची खेळणी केली, आणि ती हाताळायला, विकत घ्यायला गावातली माणसं यायची. गॅलरीत दबकत जाणारा माणूस जत्रेत दबकत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पाटी काढूनच टाकली. सुरुवातीला घरातली दोन मुलं टाळ्या देत बसवली, तेवढं पुरलं. हंडीच्या दारात लोकांनी पुढे-मागे करत उजेडाची हद्द शोधली. एका काकांनी छत्रीचं टोक पुढे करून हंडी दुरूनच उजळवायचा प्रयत्न केला. अरुंद टोकावरून आवाज परतत नाही, छत्री उघडल्यावर परतला.

साडेनऊला आवराआवर. आधी बॅटऱ्या सोडवायच्या, मग प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत वाट पाहायची, पडदा शेवटी. तांबे पुसायला घेतले तेव्हा दिसलं की घामाने ते दोन पट्ट्यांत काळवंडले होते. एक पट्टा वर बुडाजवळ, मोठ्यांच्या तळव्यांचा. दुसरा खाली काठाशी, जास्त गडद, बोटांचे ठसे लहान. पुढच्या वेळी पाट चार इंच उंच.